येतील मागनं

"ऱ्हाऊ द्या. येतील मागनं."

एवढं बोलून फौजीआप्पा भांड्यावर झाकण टाकायचे आणि झाकणावर पालथा हात ठेवून उभे राहायचे. मग ते झाकण उचलायची कुणाची टाप नव्हती. पंगत उठलेली असायची, खरकटं गोळा झालेलं असायचं, कुत्रीसुद्धा पोट भरून सावलीला पडलेली असायची, तरी आप्पांच्या भांड्याचा तळ काही कुणाला दिसायचा नाही. मागनं कोण येणार, असं विचारलं की म्हणायचे, "कोन तरी येतंयच की."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या एका वेडावर सगळं गाव हसतं आणि तो मात्र आपलं वेड सोडत नाही. आमच्याकडं हे होते. कराडच्या खाली कृष्णाकाठाला आमचं गाव. ऊस, हळद आणि फौज यांवर चालणारं. घरटी एक माणूस पल्टणीत. महायुद्ध संपलं आणि एकेक जण परत यायला लागला, तेव्हा पारावर रोज नव्यानं लढाई व्हायची. कुणी आफ्रिकेच्या वाळूत रणगाडा अडवलेला, कुणी ब्रह्मदेशाच्या जंगलात वाघ आणि जपानी दोघांनाही पळवून लावलेलं. फौजीआप्पा आमच्या भावकीतले, माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, लांबचे चुलतभाऊ. तेही पार इटलीपर्यंत जाऊन आले होते. पारावर कुणीतरी त्यांना विचारलं, "आप्पा, तुमी किती गोळ्या झाडल्या?"

"गोळ्या न्हाई बा," आप्पा सरळ सांगून मोकळे झाले. "म्या कांदं चिरलं. लंगरला हुतो, सैपाकाला."

झालं! त्या दिवसापासून गावानं त्यांना 'कांदाबहाद्दर' करून टाकलं. आप्पा स्वतःही हसायचे. त्यांची बायको, आमची काकी, मात्र हसायची नाही. पाणवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्या की ती घागर अर्धीच भरून घरी यायची.

घरात काकी त्यांना चुलीजवळ फिरकू द्यायची नाही, आणि तिचंही बरोबर होतं. एकदा ती विट्याला माहेरी गेली आणि आप्पांनी स्वतःपुरतं पिठलं टाकलं. स्वतःपुरतं, बरं का! पाणी ठेवलं, ते थोडं वाटलं म्हणून आणखी ओतलं. मग पीठ कमी पडलं म्हणून शेजारून आणलं. मग पातेलं पुरेना म्हणून अंघोळीच्या पाण्याचा हंडा घासून चुलीवर चढवला. सगळी आळी दोन दिवस पिठलं खात होती. मी स्वतः वाडगं घेऊन गेले होते, आणि खोटं कशाला बोलू, तसं पिठलं मी पुन्हा खाल्लं नाही. काकीनं परत आल्यावर कपाळावर हात मारून घेतला.

"शंभराच्या आत माझं काय चालत न्हाई," आप्पा म्हणाले, "त्येला म्या काय करू?"

आणखी एक खोड होती. जेवायला बसले की अर्धी भाकरी मोडून ताटाच्या कडेला ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही. काकी ती मुकाट्यानं शिंक्यावर ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. "घरात मानसं दोनच," ती माझ्या आईला सांगायची, "पर भाकरी तिसऱ्याची बी थापावी लागती." तिसरा कोण, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तर अशात माझं लग्न ठरलं. मी सातवी फायनल झालेली, रंगानं सावळी आणि तोंडानं फटकळ, त्यामुळं सुपारी फुटली तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं. सासर कराडच्या पलीकडचं, बागायतदार. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तसे भले माणूस. पण बैठकीतून उठता उठता पागोटं सारखं करत त्यांनी एक वाक्य टाकलं, "आमचं बाकी काय मागनं न्हाई. ज्येवान तेवढं नाव घेन्यासारखं असू द्या."

आबांचा जीव टांगणीला लागला. कारण आमच्या गावात तोवर मांडवाचं जेवण भावकीच करायची. म्हणजे दहा जण शिजवायचे आणि वीस जण त्यांना शिकवायचे. भात खालून करपलेला आणि वरून कच्चा. आमटीत मीठ एक तर तिघांनी टाकलेलं, नाहीतर कुणीच नाही. गावचं गावात ते खपून जायचं. पण बाहेरगावच्या व्याह्यापुढं ते ताट कसं ठेवायचं? लेक त्या घरात नांदायची होती. पहिल्या दिवशी पंगत फसली तर ते मला जन्मभर ऐकवलं गेलं असतं, आणि उलट उत्तर दिल्याशिवाय मी राहिले नसते. म्हणून आबांनी जाहीर केलं, "आचारी बाहेरचा आणायचा," आणि सांगलीहून एकाला बोलावून घेतलं.

तो आला तो जावयासारखा. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया, तोंडात पान. सोप्यात बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "साखर किती देणार?"

साखर तेव्हा रेशनवर. आबा म्हणाले, "गूळ म्हणाल तेवढा. घरचं गुऱ्हाळ आहे."

आचाऱ्यानं असं तोंड केलं, जणू आबांनी त्याच्यापुढं पेंड ठेवली. "साखरेशिवाय माझी कढई चढत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात आतून माझी आत्या बाहेर आली. आबांची ही थोरली बहीण. गावात आबांचा शब्द चालायचा आणि घरात आत्याचा. "न्हाई चढत तर ऱ्हाऊ द्या भिताडाला टांगून," ती म्हणाली. "आवं, चोरबाजारातली साखर आनून कुनाचा संसार ग्वाड झालाय?"

आचारी चहा पिऊन गेला. चहा गुळाचाच होता, पण तो मात्र त्यानं दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजीआप्पा आमच्या सोप्यात येऊन उभे राहिले. अंगात खाकी सदरा, तोही इस्त्री केलेला. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"दादा," ते आबांना म्हणाले, "पोरीच्या लग्नाचा सैपाक माझ्याकडं द्या."

आबा घुटमळले. "आप्पा, हे पल्टणीचं काम नव्हं."

"म्हनून तर आलो." आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "कुठल्या कुठल्या मुलखाच्या मानसांनी माझ्या हातचं खाल्लं, दादा. एक माझ्या गावानं पंगतीला बसून न्हाई खाल्लं. एकदा खाऊन तर बघू द्या. मग काय नावं ठेवायची ती ठेवा."

उंबऱ्याबाहेर काकी तोंडाला पदर लावून उभी होती. आप्पांना कुणापुढं काही मागताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आबांनी हो म्हणावं असं मला फार वाटलं. पण लग्नाच्या मुलीला कोण विचारतंय! त्यातून भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की समुद्र ओलांडून कुणाकुणाच्या पंगतीला बसून आलेल्या माणसाच्या हातचं आपण खाणार नाही.

निकाल शेवटी आत्यानं दिला. "उद्या हितं करून दाखव. आमी सात मानसं. नुस्ती आमटी कर. जमली तर मांडव तुजा."

"सात?" आप्पांचा चेहरा खर्रकन उतरला.

आले मात्र ते वेळेवर. आत्यानं चुलीवर लहानसं पातेलं ठेवलं आणि वाटीनं मोजून डाळ दिली. आप्पांनी त्या पातेल्याकडं असं पाहिलं, जसं काही आम्ही त्यांना भातुकलीत घेतलंय. मीठ घालायची त्यांची एक रीत होती, ती आम्ही त्या दिवशी पाहिली. मूठ भरून मीठ घ्यायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि भांड्याभोवती एक फेरा मारत ते थोडं थोडं सोडायचं. शंभर माणसांच्या हंड्याला ते ठीक. आमची चूल कोपऱ्यातली, दोन बाजूंना भिंत. आप्पा अर्ध्यातून मागं वळले, माझ्या आईच्या पायावर पाय दिला, 'चुकलं वैनी' म्हणाले, पुन्हा पुढं आले, आणि ते वळेपर्यंत मूठ रिकामी झाली.

आत्यानं पहिला भुरका मारला आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आप्पा," ती म्हणाली, "येताना जहाजातनं समुद्र भरून आनलास काय रं?"

आम्ही हसून हसून लोळलो. आबासुद्धा उपरणं तोंडात धरून हसले. आप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी पातेलं उतरवलं, हात धुतले आणि म्हणाले, "आक्का, शंभराच्या आत माझं काय चालत न्हाई. खोटं न्हाई सांगत."

"म्हंजी तुजी परीक्षा घ्यायची तर आदी शंभर मानसं गोळा करायची व्हय?"

"व्हय."

हे 'व्हय' त्यांनी इतक्या सरळपणानं म्हटलं की आत्याचं हसू तिथंच थांबलं. ती आबांकडं वळली. "मळ्याखालचं रान कुंद्याच्या गवतानं भरलंय न्हवं? इर्जिक घाल."

ज्यांनी इर्जिक पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्याचं रान एकट्याच्यानं उरकण्यासारखं नसलं की तो गावाला हाक देतो. जो तो आपला नांगर, आपली बैलं घेऊन येतो आणि दिवसभर राबतो. रानाच्या मालकानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स, दुसरं काही नाही. म्हणजे आमचं रानही नांगरून निघणार आणि आप्पांना शंभर माणसंही मिळणार. आत्याचं डोकं हे असं चालायचं. आबांना ते सात जन्मांत सुचलं नसतं.

फाल्गुनात इर्जिक झाली. आमच्या गुऱ्हाळाची काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी कढई, गाडीत घालून मळ्यात नेली. विहिरीजवळ चर खणून जाळ पेटवला. खपली गव्हाची खीर करायची होती, गुळातली, आणि हंड्यात आमटी. त्या दिवशी मी जे आप्पा पाहिले ते आमच्या चुलीपुढचे आप्पा नव्हतेच. पोटऱ्यांपर्यंत धोतर खोचलेलं, डोक्याला फडकं, हातात वल्ह्याएवढा डाव. जाळ कुठं वाढवायचा, कुठं ओढायचा, ते नुसत्या बोटानं सांगत होते. मिठाची मूठ घेतली आणि हंड्याभोवती फेरा मारला. तिथं भिंत नव्हती की कुणाचा पाय नव्हता. कसे सुरेख फिरले! माझ्या आईनंसुद्धा मान डोलावली.

बारा वाजता नांगर सुटले. आप्पांनी डाव काहिलीवर आपटला आणि असे ओरडले की बैल बिथरले, "फॉल इन! रांगंत बसा. पत्रावळी फुडं!"

लोक हसत हसत बसले. पण पहिला घास पोटात गेला आणि बोलणंच बंद झालं. नुसते भुरके ऐकू येत होते. आपण खाणार नाही म्हणणारा तो म्हातारा इर्जिकीला नाही म्हणता येत नाही म्हणून बैलं घेऊन आला होता आणि घरची भाकरी सोडून बाजूला बसला होता. खिरीचा वास त्याच्याकडं गेला. पहिल्यांदा त्यानं 'चव बघतो' म्हणून घेतली. दुसऱ्यांदा 'बैलाला देतो' म्हणून घेतली. तिसऱ्यांदा काहीच न बोलता वाडगं पुढं केलं.

सगळं गाव जेवून उठलं, तरी काहिलीत बरीच खीर उरली होती. आत्या डाव घेऊन ती काढायला निघाली. आप्पा आडवे आले आणि झाकणावर हात ठेवून उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या, आक्का. येतील मागनं."

आत्याचा पारा चढला. "कोन येतंय आता? समदं गाव जेवलं! सरकारला लेव्हीचं दान्य देऊन उरलेली खपली ही, आप्पा. गहू काय झाडाला लागत्यात व्हय? एवढं हिशेबाबाहेर रांदायचं काय कारन?"

आप्पा खाली बसले, तिथंच, चराच्या कडेला. मी जवळच पत्रावळी गोळा करत होते, म्हणून मला ते ऐकायला मिळालं.

"इटलीत एक नदी हुती, आक्का," ते म्हणाले. "आपल्या किस्नंसारखीच, पर लय गार. सकाळी आमची कंपनी पलीकडं गेली. जाताना पोरं म्हनली, वस्ताद, सांजच्याला कायतरी ग्वाड करा. म्या शिरा केला. शंभर मानसांचा. सांजच्याला आली ती लय थोडी आली. मला वाटलं, बाकीची मागनं येतील. शिरा झाकून बसलो. न्हाई आली."

आत्या उभीच राहिली होती.

"दुसऱ्या दिशी सायब म्हनला, आता एवढ्यांचंच कर. म्या व्हय म्हनलं. पर हात आखडंना, आक्का. पुन्यांदा शंभराचंच केलं. सायबानं इचारलं, ह्ये कुनासाटी? म्या म्हनलं, येतील मागनं." त्यांनी काहिलीच्या कडेवरून हात फिरवला. "तवापास्नं तळ दिसला की वाटतंय, आता ती आली, तर त्यास्नी वाढू काय?"

मला रडू फुटलं. आत्यानं पदरानं डोळे टिपले आणि धूर फार झालाय असं काहीतरी म्हणाली. मग तिनं हातातला डाव खाली ठेवला. "झाकान तसंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "लग्नात बी तसंच ऱ्हाऊ दे."

असा माझ्या लग्नाचा आचारी ठरला. उरलेली खीर संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या धनगरांना बोलावून आप्पांनी खाऊ घातली.

लग्न वैशाखात होतं. आबांनी मामंजींना निरोप धाडला होता, दिवस टंचाईचे आहेत, वऱ्हाड बेतानं आणा. मामंजींनीही होय म्हणून कळवलं होतं. आबांनी आप्पांना तसा आकडा सांगितला. पण हळदीच्या दिवशी बघतात तर भिजत घातलेले गहू सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त.

"अरे, हे कोण खाणार?" आबा भडकले.

"येतील मागनं," आप्पा म्हणाले.

आबा काहीतरी लागट बोलणार होते, पण आत्यानं त्यांच्याकडं अशी नजर टाकली की ते पागोट्याचा पदर चावत निघून गेले.

लग्नाच्या दिवशी मी मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसले होते. बाहेर वाजंत्री वाजायला लागली. आत्या वऱ्हाड बघायला गेली ती धापा टाकत परत आली. "आगं बया बया! गाड्यांचा शेवट दिसंना! आनि मागनं एक ट्रक बी हाय!"

मी खिडकीशी गेले. बैलगाड्यांच्या मागं धुळीत एक ट्रक येत होता आणि त्यात खाकी कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं उभी होती. मामंजींच्या गावचे आणि आसपासच्या वाड्यांचे फौजेतून सुटून आलेले जवान होते ते. आदल्याच दिवशी सगळे मिळून कराड स्टेशनावर उतरले होते. मामंजी खाली उतरले आणि माझ्या वडिलांपुढं चक्क हात जोडले. "व्याही, चुकी झाली. पर पोरं लढाईवरनं जित्ती आली. लग्नाला येतो म्हनली. त्यास्नी नको कसं म्हनू?"

आबा "बरं केलं, बरं केलं" असं म्हणाले खरं, पण तोंडचं पाणी पळालं होतं. ते तसेच मागच्या दारानं, परसात खणलेल्या चराकडं धावले. माझी खिडकी त्याच बाजूला होती. आप्पा काहिलीपाशी डाव धरून उभे होते आणि ट्रकमधून उतरणाऱ्या एकेका जवानाकडं बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. कुणी बूट आपटून धूळ झाडत होता, कुणी पडलेली टोपी उचलत होता, आणि आप्पा नुसते बघत होते. शेवटचा जवान उतरला तेव्हा त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं तोंड खसाखसा पुसलं आणि आबांना मोठ्यांदा म्हणाले, "आली की! दादा, आली की मागनं!"

अक्षता पडल्या, पंगती मांडल्या. आप्पांनी डाव आपटून "फॉल इन!" अशी आरोळी ठोकली मात्र, आणि नवरदेवाची थट्टा करत उभे असलेले सगळे जवान धाडकन रांगेत उभे राहिले. एकानं तर टाचा जुळवून हातही वर नेला. सगळा मांडव हसून हसून लोटपोट झाला. भटजी हसले, मामंजी हसले, मीसुद्धा हसले, आणि नवरीनं हसायचं नसतं म्हणून आत्यानं मला चिमटा काढला.

त्या जवानांत एक मिशाळ जमादार होता. खिरीचा घास घेतल्याबरोबर त्यानं मान वर केली. "लंगरचा वस्ताद कोन हाय हितं?"

शेजारी बसून आपल्या रणगाड्याची गोष्ट रंगवणाऱ्या, पारावरच्या आमच्या एका शूरवीरानं सांगितलं, "त्यो व्हय? आमचा कांदाबहाद्दर!" आणि हसला. जमादार हसला नाही.

"तुमी लढाईवर हुता न्हवं?" त्यानं विचारलं. "मग ह्यो नसता तर रनगाडा काय उपाशीपोटी अडवला असता व्हय रं, गड्या? सायबाशी वाकडं घेतलं तर एक येळ चालंल. लंगरवाल्याशी कवा घेऊ न्हाई." आणि त्यानं उठून आप्पांचा डाव धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

काकी वाढायला फिरत होती, ती भाताची परात घेऊन जागच्या जागीच थांबली. त्या दिवसापासून काकीची घागर भरून घरी यायला लागली, असं आई पुढं कितीतरी वेळा सांगायची.

मामंजींनी खीर किती खाल्ली ते मी सांगत नाही, ते माझे सासरे होते. हात धुताना ते आबांना म्हणाले, "व्याही, ह्ये नाव निघालं." आबांनी त्या दिवसातला पहिला मोकळा श्वास घेतला.

मात्र त्यानंतर चराकडून एक आवाज आला. डाव पत्र्याला घासल्याचा आवाज. वाढपी शेवटची खीर काढत होता. काहिलीचा तळ लागला होता. आत्यालाही तो ऐकू गेला असणार, कारण ती पंगत सोडून तिकडं पळाली. आप्पा काहिलीत वाकून बघत होते. त्यांना झाकण टाकायला काही उरलंच नव्हतं.

त्या लग्नानंतर आमच्या भागात आचारी शोधायची कुणाला पाळी आली नाही. कराडपासून खाली सांगलीकडं कुठंही मांडव पडला की लोक आधी आप्पांना विचारायला यायचे, आणि आप्पा आधी त्यांना विचारायचे, "मानसं किती? शंभराच्या आत असली तर दुसरा बघा." कांदाबहाद्दर हे नाव तसंच राहिलं, पण लोक आता ते 'सरदार' म्हणावं तशा चालीत म्हणायला लागले.

आप्पा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला मी माहेरी गेले होते. जेवण करायला बाहेरून कुणीतरी आणला होता. जेवण चांगलं होतं. मापात होतं. शेवटची पंगत उठली तेव्हा भांडी घासून उलटी घातलेलीसुद्धा होती, आणि मला त्या बिचाऱ्या आचाऱ्याचा असा राग आला की काय सांगू! त्याचा काही एक दोष नव्हता.

पण मला आप्पा आठवतात ते माझ्या पाठवणीच्या दुपारचे. सगळ्यांच्या गळ्यात पडून रडून झालं होतं. गाडी मागच्या वाटेनं, चराच्या कडेनं निघाली. काहील परसातल्या विहिरीजवळ ओढून ठेवली होती आणि आप्पा तिच्या आत उकिडवे बसून राखेनं ती घासत होते. नुसतं डोकं आणि खांदे दिसत होते. मी गाडी थांबवायला लावली.

"आप्पा, जेवलात का?"

"काय ऱ्हायलंच न्हाई की, पोरी," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

नव्या नवरीनं वाटेत शिदोरी सोडायची नसते. मी सोडली. आईनं बांधून दिलेली एक दशमी काढली आणि गाडीतून वाकून त्यांच्या हातात दिली. त्यांनी हात धोतराला पुसले, दशमी घेतली, आणि सवयीनं मधोमध मोडून अर्धी काहिलीच्या काठावर ठेवली. उरलेली अर्धी तिथंच बसून खाल्ली. मी बघत होते. खाऊन झाल्यावर त्यांची नजर काठावरच्या अर्ध्या तुकड्याकडं गेली. जरा वेळ त्याच्याकडं बघितलं, मग तो उचलला आणि तोही खाल्ला.

"आज काय ठिवायचं, पोरी?" ते म्हणाले. "आज समदी जेवली."